न मारलेली हाक

शेल्बी बसमधून उतरायला उठली तेव्हा तिचं पोरगं तिच्या कडेवरच होतं. झोपेने मान टाकलेली, टोपी एका कानावर आलेली. तरी ती दारात थांबली, मागे वळली आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या सीटकडे बघून म्हणाली, "चल ईझ्रा. घरी जायचंय आपल्याला. चल रे, ईझ्रा." ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि बाई, पोरगं तुमच्या कडेवर आहे, असं काहीसं पुटपुटला. दोघं-तिघं हसले. शेल्बीने लक्ष दिलं नाही. तिने आणखी एकदा हाक मारली, कुणाचा तरी हात धरायला असावा तसा मोकळा हात जरासा पुढे केला, आणि मग उतरली. दार मिटलं, बस हलली. मागच्या बाकावर बसलेली डेल्फिन मस्कवा त्या सीटकडे बघत राहिली. काय झालं ते तिला लगेच कळलं नाही. चष्मा काढून तिने काच पुसली, पुन्हा घातला. सीट रिकामीच होती. कॅनडातल्या सास्काटूनच्या रस्त्यांवर सप्टेंबरअखेरचं ते पिवळं, थकलेलं ऊन पडलं होतं, आणि आपला स्टॉप मागे गेला हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा बस नदीच्या पुलावर पोचली होती.

पूल ओलांडून ती चालत परत आली. एक हातमोजा बसमध्येच राहिला होता. त्याचं तिला नवल वाटलं नाही. डेल्फिनच्या वस्तू राहतच असत. हातमोजे, छत्र्या, दुसऱ्यांच्या घरी डबे, एकदा तर थिएटरात कोट. तिचा नवरा रेज, जो पुढे तिच्यापासून वेगळा झाला, तो म्हणायचा की हिला घरात शोधावं लागतं, समोर बसलेली असली तरी. रेज वाईट माणूस नव्हता. तो दमला, इतकंच. मागून कुणी हाक मारली तर डेल्फिन वळत नसे. कानात काही बिघाड नव्हता, डॉक्टरांनी तपासलं होतं. हाक ऐकू यायची, पण ती आपल्यासाठी आहे असं वाटायचंच नाही. बासष्ट वर्षं झाली, हे असंच चाललं होतं, आणि माणूस कशालाही सरावतो म्हणतात तशी तीही सरावली होती. आज मात्र त्या पोरीने रिकाम्या सीटला हाक मारली आणि डेल्फिनला तिची कोकुम आठवली. कोकुम म्हणजे आजी. रानातल्या बेरी वेचायला टाकलेला तळ हलवताना सगळं सामान गाडीवर चढलं, पोरं चढली, तरी कोकुम विझलेल्या चुलीपाशी उभी राहून एकेका पोराचं नाव घेऊन हाका मारायची. पोर जिथे झोपलं, जिथे रडलं, जिथे घाबरलं, तिथे त्याच्यातलं काहीतरी रेंगाळतं. मोठी माणसं निघाली हे त्याला कळत नाही. नाव घेऊन बोलवावं लागतं, नाहीतर ते तिथेच खेळत बसतं. इथल्या मूळच्या क्री लोकांच्या घरोघरी हे चालायचं. शेल्बीकडे अजून चालत होतं. आणि फुटपाथवर उभ्या उभ्या डेल्फिनच्या मनात आलं, त्या शाळेतून मी निघाले तेव्हा मला कुणी हाक मारली होती?

कुणीही नाही. आठवायचीसुद्धा गरज नव्हती. गुरं न्यायच्या ट्रकमधून सगळ्यांना रिझर्व्हवर, म्हणजे सरकारने क्रींना आखून दिलेल्या वस्तीवर, आणून सोडलं होतं, आया रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मूळ रहिवाशांची पोरं घरातून उचलून मिशनच्या त्या निवासी शाळेत ठेवत, आणि फाटकाच्या आत कुठल्या आईला येऊ देत होते? ट्रक सुटला तेव्हा मागे फक्त फादर उभे होते, आणि ते हात हलवत होते.

आता त्या शाळेबद्दल शिकवणं हेच डेल्फिनचं काम होतं. म्हणजे आधी ती तीस-एक वर्षं साध्या शाळेत मास्तरीण होती, निवृत्त झाल्यावर शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजाने तिला आठवड्यातून एकदा बोलवायला सुरुवात केली. विषयाचं नाव लांबलचक होतं. त्यात वसाहतवाद होता, न्याय होता आणि शेवटी सलोखा होता, जेवणाच्या शेवटी गोड असावं तसा. तिच्या जोडीने मार्गो लिंडक्विस्ट शिकवायची. मार्गोचे आजोबा स्वीडनहून येऊन इथे गहू पिकवायला लागले होते, ही गोष्ट ती प्रत्येक तासाला आधी कबूल करायची, मग पुढे बोलायची. मनाने चांगली होती. सप्टेंबरअखेर त्या शाळांची आठवण पाळायचा दिवस असे, म्हणून सप्टेंबर उजाडला की डेल्फिनला लग्नसराईत आचाऱ्याला यावी तशी मागणी येई. शाळा, बँका, पोलीस, सगळ्यांना ती हवी असायची आणि सगळ्यांना एकच गोष्ट हवी असायची, शर्टाची.

शर्टाची गोष्ट अशी. डेल्फिनचा धाकटा भाऊ शाळेत आला तेव्हा त्याला नुकतं सहावं लागलं होतं. घरी त्याला पियेसीस म्हणत, म्हणजे पाखरू. शाळेत तो अल्फ्रेड झाला. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, सख्ख्या भावाशीही बोलायचं नाही. पण डेल्फिन धुलाईच्या खोलीत कामाला होती, आणि प्रत्येक शर्टावर पोराचा नंबर शिवलेला असायचा. त्याचा शर्ट हाती आला की ती बाहीच्या आतल्या दोऱ्याला एक गाठ मारायची. पुढच्या आठवड्यात शर्ट परत यायचा तेव्हा तिच्या गाठीशेजारी एक वेडीवाकडी गाठ असायची. त्याला नीट मारता यायची नाही, पण तो मारायचा. असा त्यांचा पत्रव्यवहार चालला. त्याला अंधाराची भीती वाटायची. त्या हिवाळ्यात मुलांच्या खोलीत खोकला पसरला. एका आठवड्यात तो शर्ट आला तो मोठ्या मापाचा होता. नंबर तोच, बाहीत गाठ नाही. नंबर दुसऱ्या मुलाला दिला होता. डेल्फिनला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नाही.

ही गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती की कुठल्या वाक्याला खोलीत कोण नाक ओढणार हे तिला ठाऊक असे. "नंबर तोच" म्हटल्यावर ती एक श्वास थांबायची. थांबावं लागायचं म्हणून थांबत होती एके काळी. आता ते थांबणं गोष्टीचाच भाग झालं होतं. जीभ चालायची आणि डेल्फिन खिडकीतून पार्किंगकडे बघत असायची. कधी कधी तिला घाबरायला व्हायचं, की ती गाठ खरंच तशी होती का, की आपणच ती सांगून सांगून गोल केली. त्या गोष्टीतली आठ वर्षांची मुलगी तिला दिसेनाशी झाली होती. शर्ट दिसायचा, दोरा दिसायचा, वाफ दिसायची. मुलीचे हात दिसायचे. चेहरा जिथे असायला हवा तिथे काही नसायचं. लोक मात्र रडायचे, आणि नंतर येऊन तिचे हात हातात घ्यायचे आणि तिचे आभार मानायचे. येत्या शनिवारी तर मार्गोने सगळा वर्ग त्या शाळेच्या जागेवरच न्यायचा बेत केला होता. डेल्फिन तिथे गोष्ट सांगेल, मग सगळे गोल करून उभे राहतील. मार्गो म्हणाली होती की तुझ्यासाठीही काहीतरी पूर्ण होईल त्या दिवशी. डेल्फिनने बरं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने अर्सुलामावशीला फोन लावला. आईच्या बाजूचं आता एवढंच माणूस उरलं होतं, वृद्धाश्रमात, रिझर्व्हपासून तासाभरावर. मावशीने फोन उचलायला वेळ लावला. मागे टीव्हीवर बर्फावरच्या कर्लिंगचा सामना चालला होता.

"कोण, डेल्फिन? जिवंत आहेस होय? मला वाटलं कॉलेजवाल्यांनी तुला काचेच्या कपाटात ठेवलं."

डेल्फिनने तब्येत विचारली. मावशीने सूपला मीठ नसतं, नर्स पोरसवदा आहे, शेजारच्या खोलीतला म्हातारा आपल्यावर डोळा ठेवून आहे आणि त्याला दात नाहीत, हे सगळं सांगितलं. मग डेल्फिनने मुद्द्याचं विचारलं. शाळेत जाण्याआधी आपल्याला घरी कुठल्या नावाने हाक मारायचे? कुणी स्वतःचं नाव विसरतं का? डेल्फिन विसरली होती. शाळेतून कायमची घरी आली त्या उन्हाळ्यापासून आईने तिला डेल्फिनच म्हटलं होतं, नन म्हणायच्या तसं. जुनं नाव आईच्या तोंडून पुन्हा आलं नाही, आणि डेल्फिनने कधी मागितलं नाही. ती एकटी परत आली होती. भावाला सांभाळ म्हणून सांगून पाठवलेली पोर एकटी परत आली, म्हणून आईने नाव काढून घेतलं, हे तिने आठव्या वर्षीच ओळखलं होतं. आई जाऊनही वीस वर्षं झाली, पण ते तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आता फोनवर बोलून दाखवलं.

मावशीने टीव्ही बंद केला. "रागाने?" ती म्हणाली. "अगं वेडे, एवढं शिकलीस आणि हे डोक्यात घेऊन बसलीस?"

"मग कशाने?"

"तुझ्या आईने मला बोलू नको म्हटलं होतं. पण ती गेली, आता मीही चालले. ऐक. तू घरी आलीस ना, त्यानंतर महिन्याभरात आम्ही दोघी तिकडे गेलो होतो. शाळेच्या मागच्या कुंपणाशी. तुला घेऊन यायला."

"मी तर घरीच होते."

"होतीस की. जेवत होतीस, भांडी घासत होतीस. पण तू सगळी आली नव्हतीस, हे आईला कळणार नाही होय? म्हणून तर गेलो. हाक मारायची आणि घेऊन यायचं, एवढंच काम होतं." मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "धाकट्याला हाक मारता येत नव्हती. मेलेल्याला बोलवायचं नसतं, त्याचा रस्ता मोडतो. त्याने त्याच्या वेळेने जायचं. म्हणजे राहिलीस तू. तुझ्या आईने तार धरली, तोंड उघडलं, आणि मिटलं. मी म्हटलं, मार ना हाक. तर म्हणते, अर्सुला, तो अंधाराला घाबरतो. हिलाही नेलं तर तो एकटा राहील."

डेल्फिनच्या इकडे गॅसवर चहाचं पाणी उकळून आटत आलं होतं.

"परत येताना म्हणाली, हिच्यातली थोडी तिकडे राहिली तरी ही जगेल," मावशी म्हणाली. "जगलीस की."

आणि मग घरात ते नाव घ्यायचं नाही असं ठरलं. नाहीतर कुणी सहज बोलून जायचं, तिकडे हाक लागायची, आणि पोरगी भावाला सोडून धावत यायची. डेल्फिनने नाव मागितलं. सांगते, पण पुन्हा विचारू नको, मावशी म्हणाली. मग तिने ते एकदाच सांगितलं, हळू आवाजात, मिठाची बाटली सरकवावी इतक्या साधेपणाने. डेल्फिनच्या मानेवर काटा आला. ती वळली. सत्तर वर्षांची बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात गर्रकन मागे वळली, आणि मागे फ्रीज होता.

त्या संध्याकाळी तिला राग आला. इतका आला की एकच बशी ती पुन्हा पुन्हा धूत राहिली. आईने आपल्याला टाकलं नव्हतं, हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. पण आईने आपल्याला दिलं होतं. घरातलं पांघरूण एका पोरावरून काढून दुसऱ्यावर घालावं तसं. मला कुणी विचारलं होतं? रेज दमून निघून गेला तेव्हा दारात उभी होती ती अर्धी बाई होती. आईच्या अंत्यविधीला जिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तीही. वर्गातली पोरं आपल्या नावाच्या हाका मारून थकायची आणि बाईंना ऐकू येत नाही म्हणून मागे नकला करायची, तेही तिला आठवलं आणि त्याचाही आज राग आला. हे सगळं माझं होतं, ती बशीला म्हणाली. शनिवारी त्या जागेवर जायचंच होतं. आता नाव होतं. ती कुंपणाशी जाणार होती, मोठ्याने हाक मारणार होती आणि आपलं जे आहे ते घेऊन येणार होती. भाऊ गेला असेल एव्हाना आपल्या रस्त्याने. इतकी वर्षं कोण थांबतं?

शनिवारी वारा होता. शाळेची इमारत कधीच पाडली होती. पायाचे दगड, पॉपलरच्या झाडांची एक रांग, आणि मागे तारेच्या कुंपणात गवत, ज्याच्याखाली पुरलेलं नेमकं कोण कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. उद्याचे शिक्षक त्या शाळांतल्या पोरांच्या आठवणीचे केशरी शर्ट घालून बसमधून उतरले आणि उतरल्या उतरल्या कुजबुजत बोलू लागले. शेल्बी, बसमधली तीच, सगळ्यांत मागे होती. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची, आजवर तोंड उघडलं नव्हतं. ती डेल्फिनकडे आली आणि लाल फडक्यात दोऱ्याने बांधलेला तंबाखू तिने पुढे केला. मोठ्या माणसाकडे काही मागायचं तर तंबाखू द्यायचा आणि त्याने तो घेतला की शब्द दिला, ही रीत. आधी ऐकायचं असतं काय मागणं आहे. डेल्फिनचं डोकं ठिकाणावर नव्हतं, सवयीने तिने घेऊन टाकला. गोष्टच मागणार, आणखी काय.

"तुम्ही आज ती गोष्ट सांगू नका," शेल्बी म्हणाली. "तेवढंच मागायचं होतं."

डेल्फिनने हातातल्या लाल पुडीकडे बघितलं.

"तुम्ही सांगता तेव्हा तुम्ही नसताच तिथे. माझी कोकुम पण असंच सांगायची. आम्ही सगळे ऐकायचो आणि ती नसायची." मग ती ओशाळली, आगाऊपणा झाला म्हणाली, आणि खाली मान घालून उभी राहिली.

पण तंबाखू घेतला होता. मार्गोने सगळ्यांना गोल उभं केलं आणि आता डेल्फिन आपल्याला काही सांगेल असं म्हणाली, तेव्हा डेल्फिनने आज नाही म्हणून सांगितलं. मार्गोचा चेहरा पडला, पण तिने लगेच समजूतदारपणे मान हलवली. त्याऐवजी प्रत्येकाने मनात असलेला एकेक शब्द बोलावा असं ठरलं. कुणी दुःख म्हणालं, कुणी आशा, एक उंच मुलगा प्रवास म्हणाला. डेल्फिनची पाळी आली तेव्हा ती थंडी म्हणाली, आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना खाली घातल्या. तिचे पाय गारठले होते, एवढंच तिला म्हणायचं होतं.

मग ती एकटी मागच्या कुंपणाकडे गेली. तिला कुणी अडवलं नाही. अशा वेळी अडवायचं नसतं हे त्यांना तिनेच शिकवलं होतं. तार गंजली होती. आई कुठे उभी राहिली असेल याचा तिने विचार केला आणि मग करायचं सोडून दिलं, कारण उभं राहण्यासारखी सपाट जागा एकच होती. पॉपलरची पानं वाजत होती. तिने तार धरली. नाव जिभेवर होतं, तिथे ते फोन झाल्यापासून बसूनच होतं. तिने तोंड उघडलं. आणि त्या क्षणी तिला मुलीचा चेहरा दिसला. कितीतरी वर्षांनी दिसला. गवतात उकिडवी बसलेली, बाही दातांनी ताणून धरलेली, आणि कुणाला तरी दाखवत होती की दोरा असा घ्यायचा, असा खालून, मग ओढायचा. जो शिकत होता तो दिसला नाही. पण ती ज्या बाजूला बोलत होती तिकडे कुणीतरी होतं, आणि त्याला अजून जमत नव्हतं. मुलगी वैतागत नव्हती. तिला घाई नव्हती. डेल्फिनने उघडं तोंड मिटलं. मिटताना जबड्यात जे दुखलं ते आईचं दुखणं होतं, हे तिला कळलं, आणि तिचा राग तिथेच कुठेतरी गळून पडला. ती रडली. नीट, आवाज करून रडली, आणि यावेळी ऐकायला कुणी नव्हतं.

तंबाखू तिने कुंपणाच्या मुळाशी ठेवला. फडक्याचा दोरा तेवढा सोडवला, तारेला बांधला, आणि त्याला एक गाठ मारून दुसरं टोक मोकळं ठेवलं.

परत आली तेव्हा सगळे बसमध्ये चढत होते. शेल्बी दारात उभी राहून अर्धवट चेष्टेने एकेकाचं नाव घेऊन शेताकडे हाका मारत होती. चल कॉनर. चल मॅडिसन. चल मार्गो, घरी जायचंय. आधी मुलं हसली, मग हळूहळू गप्प झाली आणि आपलं नाव यायची वाट बघत उभी राहिली. मार्गोने डोळे पुसले. शेवटी शेल्बी म्हणाली, "चला डेल्फिन." ती हाक डेल्फिनच्या अंगावरून नेहमीसारखी निघून गेली. शेल्बीच्या ते लक्षात आलं असावं. आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमचं घरचं नाव असेल ना काहीतरी? सांगा, त्या नावाने मारते."

"होतं," डेल्फिन म्हणाली. "आता आठवत नाही."

ती खिडकीशी जाऊन बसली. हातात एकच हातमोजा होता. बस खडीच्या रस्त्यावरून हायवेला लागली, पॉपलरची रांग बारीक होत दिसेनाशी झाली, धान्याची कोठारं मागे पडली, तरी तिने ते नाव मनातसुद्धा घेतलं नाही. गवतातल्या त्या पोरीचे कान फार तिखट होते.